कारखाना कोणाच्या हाती द्यायचा

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

कारखाना विकायचा की नाही, यावर मी काही बोलणार नाही. बाबांचे गुडघे आता लेथसमोर दिवसभर उभं राहू देत नाहीत आणि मी पुणं सोडून हिंगण्याला येणार नाही, हे आपण तिघंही जाणतो. मला लिहायचंय ते कोणाला विकायचा आणि कसा, एवढ्यावरच. फोनवर हे नीट बोलणं होत नाही. बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

आई, शाळेत असताना रविवारी दुपारी फॉर्म्युला वनच्या कार शर्यती लागल्या की मी टीव्हीसमोरून हलायची नाही, जेवायला दहा हाका मारायला लावायची, आठवतं ना? सगळे फेरारी बघायचे, मी मात्र सगळ्यात मागे धावणाऱ्या काळ्या गाड्या शोधत बसायची. ती मिनार्डी नावाची टीम. बाबांच्या या निर्णयाचा विचार करताना मला राहून राहून तीच आठवते आहे.

इटलीत फाएन्झा नावाचं गाव आहे, मातीच्या रंगीत भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या जियानकार्लो मिनार्डींच्या घरचा फियाट गाड्या विकायचा धंदा होता. या माणसाने १९८५ साली आपली टीम फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. २००५ पर्यंत ती ३४० शर्यती धावली आणि तिला गुण मिळाले अवघे ३८. एकही शर्यत जिंकली नाही, पहिल्या तिघांतही कधी आली नाही. मोठ्या टीमच्या मानाने पैसा अगदीच तुटपुंजा, इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्यांची. तरी एकवीस हंगाम टिकली. त्या काळात तिच्यापेक्षा श्रीमंत टीम आल्या आणि गाशा गुंडाळून गेल्या.

टिकली कशी, तर मालकाने वेळेवर दुसऱ्याला आत घेतलं म्हणून. नव्वदच्या दशकात एकट्याने खर्च झेपेना, तेव्हा मिनार्डींनी गाब्रिएले रूमी या उद्योजकाला भागीदार केलं आणि पुढे टीमची सूत्रंही त्यांच्याकडे गेली. स्वतः मिनार्डी मात्र टीमसोबतच राहिले, होतकरू ड्रायव्हर हेरायचं काम करत. फिसिकेला, ट्रुली, फर्नांडो अलोन्सो, मार्क वेबर, सगळ्यांची फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत मिनार्डीच्याच गाडीत. आपल्याकडे हात बसलेले पोट्टे बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्यांत गेले की बाबा दोन दिवस गप्प असायचे. बाबा, अलोन्सो २००५ मध्ये दुसऱ्या टीमकडून जगज्जेता झाला. तरी फाएन्झातल्या लोकांना तो आजही आपलाच वाटतो. तुमच्या पोट्ट्यांपैकी कितीजण पोळ्याला, दिवाळीला घरी येऊन तुमच्या पाया पडतात, ते मी बघितलंय.

१९९९ ची जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची शर्यत मी खूप नंतर पाहिली. पाऊस येत-जात होता, पुढच्या गाड्या एकेक करून बाद होत होत्या आणि मिनार्डीचा लुका बादोएर चक्क चौथ्या नंबरवर होता. थोडेच फेरे उरलेले असताना त्याचा गिअरबॉक्स गेला. तो गाडीतून उतरला आणि गाडीलाच टेकून ढसाढसा रडला. त्याच शर्यतीत टीमची दुसरी गाडी मार्क जेनेने सहावी आणली आणि एक गुण मिळाला. तेव्हा पहिल्या सहांनाच गुण असत. त्या एका गुणावर मिनार्डी त्या वर्षी दहावी आली. एका सिगारेट कंपनीच्या पैशावर उभी राहिलेली नवी टीम शून्यावर राहिली, ती तिच्या खाली.

पुढे रूमी आजारी पडले. २००१ च्या सुरुवातीला, टीम बंद पडायच्या बेतात असताना, पॉल स्टॉडर्ट या ऑस्ट्रेलियन विमान व्यावसायिकाने ती विकत घेतली. हा माणूस बाहेरचा, इटलीशी तसा संबंध नाही. पण त्याने टीमचं नाव मिनार्डीच ठेवलं, कारखाना फाएन्झातच ठेवला आणि काही आठवड्यांत गाडी उभी करून मेलबर्नच्या शर्यतीला नेली. पुढच्या वर्षी त्याच मेलबर्नला वेबर आपल्या पहिल्याच शर्यतीत पाचवा आला आणि दोन गुण मिळाले. बक्षीस समारंभ आटोपल्यावर तो आणि स्टॉडर्ट पोडियमवर चढले आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्या दोन गुणांच्या बळावर वर्षअखेरीस मिनार्डी टोयोटाच्या वर होती!

२००५ मध्ये स्टॉडर्टलाही झेपेनासं झालं आणि त्याने टीम रेड बुल या एनर्जी ड्रिंक कंपनीला विकली. यावेळी नाव गेलं. पण टीम फाएन्झातच राहील, ही त्याची अट होती, आणि ती राहिली. २००८ मध्ये इटलीतल्याच मोंझाच्या पावसात सेबॅस्टियन वेटेलने शर्यत जिंकली ती फाएन्झाच्याच टीमच्या गाडीतून. रेड बुलच्या मुख्य टीमला तोवर एकही विजय मिळाला नव्हता. मिनार्डीच्या काळातले काही लोक तेव्हाही तिथे कामाला होते. इतकी वर्षं शेवटच्या रांगेत काढून त्यांना तो दिवस दिसला, कारण विकणाऱ्याने त्यांचा विचार केला होता.

आता आपलं. बुटीबोरीचा जो माणूस जास्त पैसे देतोय, त्याला प्लॉट आणि मशिनी हव्यात, माणसं नकोत, हे त्याने तोंडावर सांगितलंय. दुसरा घेणारा तरुण मुलगा आहे, तो कमी देतोय, पण काम चालू ठेवणार आहे. लेथवरचे काका इसासनीहून सायकलवर येतात, ते या वयात दुसरीकडे कुठे उभे राहतील? नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली, एका कूलरच्या वाऱ्यावर, ज्यांनी आपली ऑर्डर वेळेत काढून दिली, त्यांना रस्त्यावर सोडून आलेला पैसा तुम्हाला पचणार नाही, बाबा. मला वाटा नको. तुमच्या दोघांचं म्हातारपण त्या मुलाच्या पैशात आणि आईच्या बचतीत नीट निभेल, मी हिशेब करून बघितलाय. कमी पडलं तर मी आहे.

फक्त तोंडी काही ठरवू नका. माणसं किमान पाच वर्षं कामावर राहतील, पगार सात तारखेच्या आत होईल आणि कारखाना हिंगण्यातच राहील, हे करारात आलं पाहिजे. पहिलं वर्षभर बाबा सकाळचे दोन तास तिथे जाऊन बसतील, हेही लिहून घ्या. खुर्चीवर बसायचं, उभं राहायचं नाही. आई, तू लक्ष ठेव.

मी दिवाळीच्या चार दिवस आधी येते आहे. त्या मुलाला तेव्हाच जेवायला बोलवा आणि आई, पगाराची लाल वही काढून ठेव, कोण कधीपासून कामाला आहे ते तुझ्याशिवाय कोणी लिहून ठेवलेलं नाही. बुटीबोरीवाल्याला तोवर होही म्हणू नका आणि नाहीही.

तुमची,
मीनू