माझ्या आईला तोंड उघडायला लावणाऱ्या डॉक्टरताईंस

आदरणीय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे रोज कितीतरी रुग्ण येत असतील, म्हणून आधी ओळख देते. पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या एका गावातून, शाळेच्या व्हरांड्यात बसून आणि तोंडाला पदर लावून ज्या बाई आपल्याशी व्हिडिओ कॉलवर बोलल्या, त्या माझ्या आई. तिची दाढ काढून आज पंधरा दिवस झाले. सूज पूर्ण उतरली आहे. काल तिने नाचणीची भाकरी आमटीत न कुस्करता खाल्ली, आणि वहिनीने हे फोनवर सांगितले तेव्हा हडपसरच्या बसथांब्यावर, एवढ्या माणसांत, मला रडू आवरले नाही. आपले आभार फोनवर मानले होते, पण ते घाईत मानले होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी काय झाले ते थोडे सांगते, कारण त्याशिवाय आपण काय केलेत हे वाचणाऱ्यांना कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी आईला हिरड्यांच्या दुखण्यासाठी एका दवाखान्यात नेले होते. तेथील डॉक्टरांनी तिच्या तोंडात पाहिले आणि बाहेर रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले, "हे दात आहेत की चुलीतला कोळसा?" आई काही बोलली नाही. परतीच्या वडापच्या जीपमध्येही बोलली नाही. त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर पदर घेऊ लागली, आणि दात दुखला तरी लवंग धरून गप्प बसू लागली. तिला मधुमेह आहे, हिरड्यांची हेळसांड तिला परवडणारी नव्हती, हे मला ठाऊक होते; परंतु दवाखान्याचे नाव काढले की ती उठून आत जात असे. यंदा जुलैमध्ये गाल सुजला तेव्हा मी त्याच दवाखान्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की पेशंटला घेऊन या, फोनवर आम्ही काही सांगत नाही. फोनवर दाढ बरी होत नाही हे मलाही समजते. पण ताप आहे का, गिळता येते का, एवढे दोन प्रश्नसुद्धा कोणी विचारू नयेत, याचे दुःख अजून गेलेले नाही. जुलै २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडींखाली माणसे गेली, तेव्हापासून मुसळधार पावसात डोंगर उतरायला आमच्याकडे कोणी सहज तयार होत नाही. हे मी सांगत होते, आणि पलीकडून फोन ठेवला गेला होता.

आपला नंबर मला कार्यालयातील एका मैत्रिणीने दिला. २०२० च्या टाळेबंदीत, दात कोरताना उडणाऱ्या तुषारांतून संसर्ग पसरेल या भीतीने दवाखाने बंद राहिले, तेव्हा आपण फोनवर रुग्ण पाहायला सुरुवात केलीत आणि पुढे दवाखाना उघडल्यावरही दूरच्या रुग्णांसाठी ते चालू ठेवलेत, असे तिने सांगितले होते. गावात रेंज फक्त शाळेजवळ मिळते. माझी भाची, जी यंदा नववीत आहे, आजीला छत्रीतून तिथे घेऊन गेली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टॉर्च. मी पुण्यातून त्याच कॉलवर होते.

आपण म्हणालात, "मावशी, जरा तोंड उघडता का?" आईने पदर आणखी घट्ट धरला. मी समजावले, भाचीने समजावले, आई मान हलवत राहिली. शेवटी ती म्हणाली, "बाई, माझं तोंड काय बघण्यासारखं ऱ्हायलं न्हाई." मला वाटले, आता आपल्याला राग येईल. आपला वेळ जात होता, चित्र मधूनच थिजत होते. आपण उठलात. क्षणभर पडद्यावर फक्त रिकामी खुर्ची दिसली. परत आलात तेव्हा हातात स्टीलचा चमचा होता. त्याच्या दांड्याने आपण आपला स्वतःचा गाल बाजूला केलात, तोंड पूर्ण उघडून कॅमेऱ्याजवळ आणलेत आणि म्हणालात, "हे बघा मावशी, खालची ही दाढ माझी भरलेली आहे, आणि ही मागची तर काढूनच टाकली. आता तुमची दाखवा, म्हणजे फिट्टंफाट."

आईने पदर सोडला.

डॉक्टरताई, ते दृश्य मी रोज आठवते. आपण दंतवैद्य आहात, आपल्या तोंडातली काढलेली दाढ एका अनोळखी बाईला दाखवण्याची आपल्याला काही गरज नव्हती. पण दोन वर्षे मिटलेले तोंड त्या एका चमच्याने उघडले. तंत्रज्ञान कितीही पुढे गेले तरी ज्याला लाज वाटते तो माणूस तोंड उघडत नाही, आणि तोंड उघडले नाही तर कॅमेरा काय पाहणार? ज्ञान आणि यंत्रे पुष्कळांकडे असतात. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून स्वतः थोडे खाली बसण्याची माणुसकी मात्र मी फार थोड्यांत पाहिली आहे, आणि ज्यांच्यात पाहिली त्यांची नावे आमच्या घरात अजून निघतात.

त्यापुढचे सगळे त्या एका गोष्टीमुळे झाले. वहिनी तव्यावर गरम केलेल्या फडक्याने गाल शेकत होती. तेही आपण तिला न दुखावता थांबवलेत, बाहेरून शेकल्याने सूज पसरू शकते हे समजावून सांगितलेत. गोळ्यांनी सूज उतरेल पण दाढेतला पू निघायचा तर दाढ प्रत्यक्ष दाखवावीच लागेल, हेही लपवले नाहीत. भाचीकडून मात्र पाठ म्हणून घेतलेत: सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, थंडीताप आला, थुंकी गिळता येईना, किंवा एकावर एक धरलेली दोन बोटे दातांमधून जाईनाशी झाली, तर वाट पाहायची नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बोटे जाईनात. आपण दोन वाक्यांत सांगितलेत, की आता फोन ठेवा आणि निघा. पाऊस थोडा उघडला होता, भावाने वडापवाल्याला उठवले, आणि आई कराडला पोहोचण्यापूर्वी आपले तेथील डॉक्टरांशी बोलणे झालेले होते. साखर किती, कोणत्या गोळ्या चालू, सूज कधीपासून, सगळे त्यांना माहीत होते. उलट त्यांनीच आईला विचारले, "पदरवाल्या मावशी तुम्हीच ना?" आई त्यांच्यासमोर हसली, असे भाऊ सांगतो.

मिशरीबद्दल आपण पहिल्या दोन्ही कॉलवर एक शब्द काढला नाहीत. आमच्या घरी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, वाटून डबीत भरतात, आणि ती डबी आईच्या कनवटीला कायम असते. पंधराव्या वर्षी दात दुखला तेव्हा सासूने बोटावर घालून दिलेली ती मिशरी पुन्हा सुटली नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून मनाई आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारणार? टाके सुकत आल्यावर तिसऱ्या कॉलवर आईच म्हणाली, "बाई, मी मिशरी लावते. सांगायचं ऱ्हायलं." आपण म्हणालात, "मला दिसलं होतं, मावशी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग आपण शांतपणे सांगितलेत की मिशरीने हिरड्या सुटतात आणि गालात पांढरे चट्टे येऊन पुढे कर्करोग होऊ शकतो. कराडच्या डॉक्टरांकडून गालाची आतली बाजू तपासून घ्यायला लावलीत. तिथे चट्टा नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मदतीचा १८००-११-२३५६ हा क्रमांकही आपण दिलात, तो भाचीने पाटीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. आई दिवसातून चारदा मिशरी लावत होती, आता सकाळी एकदाच लावते. अजून सुटलेली नाही. आपल्याशी खोटे बोलायचे नाही, असे तिने बजावले आहे, म्हणून जसे आहे तसे लिहिले.

रविवारी आपण चौथ्या कॉलची वेळ दिली आहे. त्यासाठी आईने घरातला एक चमचा धुऊन, फडक्यात गुंडाळून वेगळा ठेवला आहे. भाचीने फोन धरायचा नाही, मीच धरणार आणि बाईंना दाढेची जागा मीच दाखवणार, असे तिने आताच सांगून टाकले आहे.

आपली नम्र आणि ऋणी,
पदरवाल्या मावशींची मुलगी