प्राणिसंग्रहालयात सहल नव्हे, विज्ञानाचा तास व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचे दिवस सुरू होतात आणि पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयासमोर सकाळपासून बसगाड्यांची रांग लागते. पाचवी ते सातवीची शे-दीडशे मुले दोन-दोनच्या ओळीने आत जातात, वाघापासून मगरीपर्यंत सगळे दोन तासांत 'बघून' होते, सावलीत डबे उघडले जातात आणि दुपारी बस पुढच्या ठिकाणी निघते. मी अनेक वर्षे उच्च प्राथमिक वर्गांना सामान्य विज्ञान शिकवले आणि सुरुवातीच्या काळात अशाच सहली नेल्या. परत आल्यावर लिहून घेतलेल्या निबंधांत 'वाघ झोपला होता' हे वाक्य बहुतेक वह्यांत असे आणि त्यापलीकडे प्राण्यांविषयी फारसे काही नसे. यात मुलांचा दोष नव्हता. सुमारे 130 एकरांचा परिसर त्यांना दोन तासांत पार करायला लावल्यावर त्यांनी पाहायचे कधी आणि काय?

पुढे मी पद्धत बदलली. एका वेळी एकच वर्ग न्यायचा, दिवसभरात दोनच खंदक दाखवायचे आणि प्रत्येक ठिकाणी किमान अर्धा तास बसायचे, असे ठरवले. मुलांचे पाच-सहा जणांचे गट केले. प्रत्येक गटाने एक प्राणी निवडायचा आणि दर दोन मिनिटांनी तो काय करतो आहे, म्हणजे बसला आहे, चालतो आहे, चरतो आहे की रवंथ करतो आहे, याची वहीत खूण करायची. अर्ध्या तासात पंधरा नोंदी होतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचे स्तंभालेख काढले, म्हणजे गणिताचा तासही त्यातच झाला. 'नुसती बसलेली' हरणे प्रत्यक्षात रवंथ करत होती आणि त्या वेळीही त्यांचे कान चहूकडे फिरत होते, हे मुलांना स्वतःच्या नोंदींवरून कळले. चार कप्प्यांचे जठर फळ्यावर काढून मी ते अनेकदा शिकवले होते. पण घाईघाईने गिळलेले अन्न सुरक्षित जागी बसून पुन्हा चघळण्याचा शिकार होणाऱ्या प्राण्याला काय उपयोग, हा प्रश्न वर्गात कोणी कधी विचारला नव्हता. तो त्या दिवशी खंदकासमोर निघाला.

हरणांच्या बाबतीत शिकवण्यासारखे इतके आहे की केवळ त्यांच्यासाठी एक पूर्ण भेट ठेवावी असे माझे मत झाले आहे. आपण सांबर, चितळ आणि काळवीट या सर्वांना सरसकट हरीण म्हणतो. परंतु सांबर आणि चितळ सारंग कुळातले आहेत, त्यांची शिंगे भरीव हाडाची असतात, फक्त नरांना येतात आणि दरवर्षी गळून नव्याने उगवतात. काळवीट कुरंग कुळातला आहे. त्याच्या शिंगात हाडाचा गाभा आणि त्यावर पोकळ खोळ असते आणि ते शिंग जन्मभर गळत नाही. चितळांच्या एकाच कळपात एकाच दिवशी मखमली कातडीने झाकलेली कोवळी शिंगे आणि झाडावर घासून साफ केलेली पक्की शिंगे अशी दोन्ही दिसू शकतात. अशाच एका भेटीत सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, शिंग गळतं तेव्हा रक्त येतं का?" मला उत्तर ठाऊक नव्हते. शेजारी वैरण टाकत असलेल्या कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की थोडे येते, खपली धरते आणि काही दिवसांत ती जागा बुजते. मग त्यांनी आतून सांबराचे गळलेले शिंग आणून मुलांच्या हातात दिले. ते किती जड असते हे चित्रावरून कळत नाही. जंगलात पडलेली अशी शिंगे साळिंदर कुरतडते, कारण त्यातून त्याला कॅल्शियम मिळते, हेही त्यांनीच सांगितले. पाठ्यपुस्तकातली अन्नसाखळी मुलांच्या मनात त्या दिवशी पक्की बसली.

कात्रजच्या सर्पोद्यानाची स्थापना 1986 साली झाली, म्हणजे ते प्राणिसंग्रहालयाहूनही जुने आहे. तेथील धड्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून येणाऱ्या मुलांच्या घराजवळ साप निघतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता येणे, धामण बिनविषारी असून उंदीर खाते हे ठाऊक असणे, आणि दंश झाल्यावर जखम चिरणे किंवा दोरीने करकचून बांधणे हे उपाय नसून वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हाच उपाय आहे हे समजणे, यावर एखाद्या घरातला जीव वाचू शकतो. नागीण अंडी घालते, तर घोणस आणि फुरसे थेट पिलांना जन्म देतात, ही गोष्ट सांगितली की 'सर्व साप अंडी घालतात' हा समज जातो आणि प्रजननाचा पाठही सोपा होतो.

मुंबईत राणीच्या बागेत 2016 साली पेंग्विन आणले गेले, तेव्हापासून मुलांची तेथे रीघ असते. ते हम्बोल्ट जातीचे आहेत, अंटार्क्टिकाच्या बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहावर त्यांचे अन्न अवलंबून असते. हे काचेसमोर कोणी समजावून दिले, तर भूगोलातले सागरी प्रवाह मुलांना पाठ करावे लागणार नाहीत.

प्राण्यांना बंदिस्त ठेवून मुलांना काय शिकवायचे, असा आक्षेप काही पालक घेतात. तो मला गैर वाटत नाही. सारसबागेजवळच्या पेशवे पार्कातले अरुंद पिंजरे मी लहानपणी पाहिले आहेत. तेथील प्राणी पुढे कात्रजच्या मोकळ्या खंदकांत आले, हा बदल आमच्या पिढीने पाहिला. तरीही खंदक म्हणजे रान नव्हे. म्हणूनच हा प्रश्न मुलांपासून लपवू नये. एखादा प्राणी एकाच वाटेने पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालत असेल, तर तीही नोंद वहीत यावी आणि तो असे का करतो याची चर्चा व्हावी. प्राण्यांना डिवचणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे प्रमाणे गुन्हा आहे, हे मुलांना प्रवेशद्वाराशीच सांगावे. तसेच प्रत्येक शाळेने कात्रजला यावे असे माझे म्हणणे नाही. भोर-मुळशीच्या मुलांना चार तास बसमध्ये बसवण्यापेक्षा गावच्या ओढ्याकाठी नेणे केव्हाही चांगले. ज्या शहरी मुलांना कबुतर आणि कावळ्यापलीकडे काही दिसत नाही, त्यांच्यासाठी हा आग्रह आहे. आणि त्यांनाही नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रज तलावाच्या काठी थोडा वेळ उभे करावे, कारण तेथे उतरणारे बगळे आणि पाणकावळे कोणी आणून ठेवलेले नाहीत.

1998 च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात भेट देणाऱ्यांच्या मनात वन्यप्राण्यांविषयी आस्था आणि जाण निर्माण करणे हे उद्दिष्ट नोंदवलेले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सुचवले आहे. हे दिवस मुख्यतः स्थानिक व्यवसायांच्या ओळखीसाठी आहेत. पण प्राण्यांची निगा राखणारे कर्मचारी आणि पशुवैद्य यांचे काम हा कौशल्याचा व्यवसाय नव्हे काय?

महापालिका आणि शिक्षण विभाग यांना माझी विनंती आहे की आठवड्यातील एक-दोन सकाळी, सहलींची गर्दी नसताना, केवळ वर्गांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या वेळी एका तुकडीहून अधिक मुले एका खंदकाशी नसावीत. गळलेली शिंगे, पिसे, सापाची कात आणि कवट्या मुलांना हाताळता येतील अशी एक खोली असावी. अनुभवी कर्मचाऱ्यांनी मुलांशी पंधरा मिनिटे बोलावे आणि त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा, कारण मला त्या दिवशी उत्तर दिले ते त्यांच्यापैकीच एकाने. भेटीपूर्वी शिक्षकांना एक दिवस तेथे बोलावून काय पाहायचे हे दाखवावे. मुलांच्या निरीक्षण-नोंदींना आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून गुण द्यावेत, म्हणजे मुख्याध्यापकांनाही अशा भेटीसाठी वेळ काढणे सोपे जाईल. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना अशा अभ्यासभेटींसाठी प्रवेशशुल्क नसावे. येत्या जूनमध्ये शाळांचे वार्षिक नियोजन होण्यापूर्वी याचा निर्णय झाला, तर पुढच्या हिवाळ्यात पहिले वर्ग तेथे बसू शकतील.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, पुणे