शालनला पत्र: अर्ज आपणच लिहूया

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय शालन,

परवा फोनवर तू नुसती "हं, हं" करत होतीस तेव्हाच ओळखलं, वहिनी शेजारी बसल्या असणार. म्हणून लिहून पाठवतेय. निवांत वाच.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून तू आठ महिने पोटगीचा अर्ज अडवून धरलायस. मीही वर्षभर तेच केलं आणि त्या वर्षाची मला अजून हळहळ वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्जाआधीचे महिने हातचे गेले. तुझे आणखी जायला नकोत.

कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यातलं १३ वं कलम मला कुणी आधी सांगायला हवं होतं. वकील लावणं हा तिथे कुणाचा हक्कच नाही, न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचे वकील असतात. माझ्या नवऱ्याचाही होता. पहिल्या तारखेला पुकारा झाला आणि तो काळा कोट बघून माझ्या पोटात गोळा आला. पण न्यायाधीशांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

सगळा कस लागतो तो अर्ज लिहिताना. पहिल्यांदा मी अकरा पानं लिहिली. सासूबाई काय बोलल्या, दिवाळीत काय झालं, सगळं. रडत रडत लिहिलं आणि वाचलं तर त्यात मागणी कुठेच नव्हती. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा अडीच पानं झाली. "मला फार त्रास दिला" असं लिहू नकोस. "जूनपासून घरखर्चाला एक रुपया दिला नाही, मुलाची फी आईने पाटली मोडून भरली, पावती जोडली आहे," असं लिही. तारीख, रक्कम, कागद. शेवटी दरमहा किती हवेत ते आकड्यात, आणि निकाल लागेपर्यंतच्या अंतरिम पोटगीचा अर्ज वेगळा. मराठीतच लिही, आपल्या कोर्टाची भाषा तीच आहे.

तुझा नवरा नाशिकला असला तरी तू धनकवडीत राहतेस, म्हणून अर्ज इथे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालतो. लोक अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून "१२५ ची केस" म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. अर्जावर तेच घाल.

सोबत मिळकत, खर्च आणि कर्जाचं शपथपत्र लागतं. तसंच शपथपत्र त्यालाही करावं लागतं, आणि दुकानाचं उत्पन्न तो कमीच दाखवेल. म्हणून दुकानाच्या पाटीचा फोटो, गाडीचा नंबर, तुझ्या खात्यात पूर्वी त्याने टाकलेल्या पैशांचे बँकेचे उतारे आत्ताच गोळा कर. आणि त्याचा पत्ता नीट खात्री करून घाल. मी जुन्या भाड्याच्या घराचा घातला. समन्स न बजावता परत आलं, दोन तारखा वाया गेल्या.

मधे समुपदेशकांकडे पाठवतील. घाबरू नकोस, तिथलं बोलणं गोपनीय राहतं. पण समजुतीचा कागद पुढे आला तर घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नकोस, कुणी कितीही गोड बोललं तरी.

एका बाबतीत मात्र मी चुकले. उलटतपासणीही एकटीच करेन म्हणून बसले. नवऱ्याच्या वकिलाने चार प्रश्नांत मला गोंधळवलं, आणि नवऱ्याला काय विचारायचं ते मला सुचेना. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तू हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव. १५१०० हा त्यांचा फोन नंबर वहीत लिहून ठेव. अर्ज तुझ्या शब्दांत तूच लिही, कारण तुझ्या घरात काय झालं ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. साक्षीपुराव्याची वेळ आली की त्यांचा वकील माग.

गुरुवारी मी रजा टाकलीय. स्वारगेटवरून मेट्रो घे आणि जिल्हा न्यायालय स्टेशनला उतर, दहा वाजता मी तिथे थांबते. लग्नाचा दाखला, चिनूचा जन्मदाखला, फीच्या पावत्या आणि पासबुक घेऊन ये. सगळ्याच्या झेरॉक्सही काढून आण. कच्चा अर्ज आपण बसून लिहू. वहिनींना सांग, माझ्याबरोबर दवाखान्यात चाललीस.

तुझी,
सुमी