नमुने तपासणीला पाठवले, पुढे काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात (एकट्या तुमच्याच नाही म्हणा, सगळ्यांच्याच) जेवणातून विषबाधेची बातमी आली की शेवटची ओळ ठरलेली, 'अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.' मी २९ वर्षं लॅबमध्ये घालवली पण त्या नमुन्यांचं पुढं काय झालं हे पेपरात वाचल्याचं मला आठवत नाही. आणि आफ्रिकेची बातमी असली की इबोला नाहीतर दुष्काळ, म्हणजे तिथले लोक फक्त आजारी पडतात, तपासणारं कुणी नाहीच जणू. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

२०१७ च्या जुलैत साउथ आफ्रिकेत जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडच्या नवजात बाळांच्या डॉक्टरांना जाणवलं की लिस्टेरियाच्या (खाण्यातून पोटात जाणारा एक जंतू) केसेस नेहमीपेक्षा जास्त येतायत, आणि त्यांनी एनआयसीडीला कळवलं, म्हणजे आपली पुण्याची एनआयव्ही तशी त्यांची साथरोगांची संस्था. आता हा लिस्टेरिया फार लबाड. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गप्प बसतात, हा तिथं ४ डिग्रीलाही वाढत राहतो, आणि खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत ७० दिवस पण लागू शकतात, आता दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं ते तुम्हाला तरी सांगता येईल का? आईला नुसता ताप येऊन जातो आणि पोटातलं बाळ दगावतं. लॅबमध्येही हा फसवतो. स्लाइडवर बारीक ग्रॅम पॉझिटिव्ह (रंग दिल्यावर जांभळ्या दिसणाऱ्या) काड्यांसारखे जंतू दिसतात आणि आमच्यातला घाईतला माणूस 'डिफ्थेरॉइड, कन्टॅमिनेशन' (म्हणजे कातडीवरचे साधे जंतू नमुन्यात मिसळलेत) असं लिहून प्लेट बाजूला टाकतो. आमच्या मॅडम अशा वेळी तो जंतू रूम टेम्परेचरला वाढवून थेंबात मायक्रोस्कोपखाली बघायला लावायच्या, लिस्टेरिया असला तर कोलांट्या उड्या मारतो. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

तर तिकडं ठिकठिकाणच्या लॅबमधून हे जंतू एनआयसीडीकडं यायला लागले आणि त्यांनी त्या जंतूंचं जीनोम सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्यांची सगळी जनुकं वाचून काढली. दहातल्या नऊ पेशंटचे जंतू एकाच पोटजातीचे निघाले, तिचं नाव एसटी६. म्हणजे देशभर पसरलेले पेशंट असले तरी खाणं कुठंतरी एकच होतं. पण कुठलं? डिसेंबरात सरकारनं साथ जाहीर केली, पेशंटच्या घरी जाऊन फ्रिज तपासले, तरी हाताला काही लागेना.

१२ जानेवारी २०१८ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोच्या बारागवनाथ हॉस्पिटलात एकाच पाळणाघरातली नऊ पोरं तापानं-जुलाबानं आली, सगळी पाच वर्षांच्या आतली. तिथल्या बालरोग डॉक्टरांना खाण्याचा संशय आला, त्यांनी कळवलं, आणि इन्स्पेक्टर त्याच दिवशी पाळणाघरात जाऊन पोलोनी उचलून लॅबला देऊन आले. त्याच दिवशी, साहेब! पोलोनी म्हणजे गुलाबी जाड सॉसेज, स्वस्त, न शिजवता पावात घालून खायचं. सोवेटोत पाव पोखरून त्यात चिप्स, पोलोनी नि वरून अचार भरतात, त्याला कोटा म्हणतात (हो, अचारच, आपल्याकडून मजुरीला गेलेल्यांबरोबर तिकडं पोचलेलं). एका पोराच्या शौचात लिस्टेरिया, पोलोनीत लिस्टेरिया, आणि २७ जानेवारीला रिपोर्ट आला की सगळे एसटी६. पंधरा दिवसांत! मग माग काढत पोलोक्वाने शहरातल्या पोलोनीच्या कारखान्यात गेले, तिथल्या स्वॅबमध्ये पण तोच. ४ मार्चला तेव्हाचे आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी टीव्हीवर कारखान्याचं नाव घेऊन सांगितलं, खाऊ नका. लोक पिशव्या भरभरून पोलोनी दुकानात परत करायला गेले.

तोपर्यंत उशीर झालाच होता, हे पण सांगितलं पाहिजे. एकूण १०६० केसेस, २१६ मृत्यू, त्यात तान्ही बाळं फार. जगात आजवर नोंदलेली लिस्टेरियाची सगळ्यात मोठी साथ ती. डिसेंबर २०१७ पर्यंत हा आजार कळवायची तिथं सक्तीच नव्हती, ती असती तर कदाचित आधीच लक्षात आलं असतं असं मला वाटतं. आणि भरपाईचा दावा कोर्टात कित्येक वर्षं रेंगाळला, त्या बाबतीत तिकडं नि इकडं सारखंच. पण कुठल्या जंतूनं नि कुठल्या कारखान्यानं हे केलं ते मेलेल्यांच्या घरच्यांना निदान कळलं तरी.

आमच्याकडं एका लग्नात पन्नास-साठ माणसं आडवी झाली होती. मी स्वतः तिथं होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बासुंदीचं पातेलं मागायला गेलो तर आचाऱ्याच्या माणसानं ते राखेनं घासून पालथं घातलेलं, चकचकीत. साहेब लोक आले दुपारी, त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. पेपरात आलं, नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. पुढं मी दोनदा ऑफिसात चौकशी केली, 'रिपोर्ट वरती गेलाय' एवढंच उत्तर.

तर विनंती एकच. पुढच्या विषबाधेची बातमी छापाल तेव्हा डायरीत तारीख टाकून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी तुमच्या वार्ताहराला रिपोर्ट मागायला पाठवा. जे मिळेल ते छापा, काहीच मिळालं नाही तर तेही छापा.

आपला,
एक रिटायर्ड लॅब टेक्निशियन, मिरज