जुन्या पेट्रोल ट्रकला पंप निवडताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्यांना टाकीतले पेट्रोल पुढे पुरवणारा पंप सरसकट इलेक्ट्रिक बसवावा, असा सल्ला आपल्या वाहनविषयक पानावर वाचला. हेतू चांगला असला तरी पंप किती दाबाचा असावा, याविषयी त्यात अवाक्षरही नव्हते, आणि माझी फसगत नेमकी तिथेच झाली होती.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचा, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जुळवलेला डॉज ट्रक आहे. त्याच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावरचा पंप कॅमशाफ्टवर (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दांड्यावर) चालतो आणि कार्ब्युरेटरला दर चौरस इंचाला साधारण ३ ते ५ पौंडच दाब देतो. खंबाटकी घाटात तो दगा देऊ लागला, तेव्हा एका गॅरेजने इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, कारचा पंप बसवून दिला. त्याचा दाब ४० पौंडांच्या घरात असतो. त्यापुढे फ्लोट चेंबरची, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीची, पेट्रोल अडवणारी पिन टिकत नाही. कार्ब्युरेटर ओसंडून वाहू लागला, आणि या इंजिनात त्याच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळ) असतो. नुसत्या धुरावर निभावले, हे नशीब.

पंप जितका मोठा तितका बरा, ही समजूत हिशेबात बसत नाही. ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो आणि ताशी ५० च्या वेगाने धावतो असे धरले, तरी मिनिटाला पाव लिटरही पेट्रोल लागत नाही. तेवढे मूळचा पंप सहज देतो.

घाटातल्या दग्याचे कारण निराळेच निघाले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पंप यांच्यामध्ये पत्र्याचा एक आडोसा असतो. मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत काढलेला तो पत्रा परत बसवलाच गेला नव्हता, त्यामुळे पंपातल्या पंपातच पेट्रोलची वाफ होत होती. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके गुंडाळीत. आम्हीही गुंडाळले, पत्रा बसवल्यावर मात्र फडक्याची गरज उरली नाही. सोबत डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदाही बदलला. तो इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच मागून घ्यावा, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुने रबर खराब होते आणि डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालूच करू नये.

इलेक्ट्रिक पंप घ्यायचाच असेल, तर कमी दाबाचा घेऊन टाकीजवळ खालच्या बाजूस बसवावा, कारण हे पंप पेट्रोल ढकलतात चांगले, ओढतात बेताचे. आणि ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच त्याला जोडावा, नाहीतर अपघातात इंजिन बंद पडले तरी पेट्रोल वाहतच राहते. आमच्या ट्रकची बॅटरी ६ व्होल्टची आणि अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे. बाजारातले बहुतेक पंप १२ व्होल्टचे आणि निगेटिव्ह अर्थिंगचे असतात, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

यापुढे असा सल्ला छापताना त्यात दाबाचा आकडा आणि व्होल्टेज यांचा उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कराड