झीरो न टिकणारी दुर्बीण : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे निशाणाचे कागद मिळाले. तुझ्या एअर रायफलीवर २० मीटरसाठी नीट जुळवलेली, म्हणजे नेमाच्या बिंदूवरच छर्रा पडेल अशी ‘झीरो’ केलेली दुर्बीण दुसऱ्या खेपेस छर्रे डावीकडे टाकते, पुन्हा जुळवावी तर खाली टाकते, हे वाचून तुझा वैताग समजला. नवी दुर्बीण घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव आणि कारण सापडेपर्यंत तिच्या टरेटला (नेम सरकवण्याच्या फिरत्या बटणाला) हात लावू नकोस. दर वेळी त्याचे क्लिक, म्हणजे एकेक खटका, फिरवले की आधीच्या छर्र्यांवरून जे कळले असते, ते पुसले जाते.

तुझी एअर रायफल नळी सांध्यात मोडून, म्हणजे खाली वाकवून, ताणायची, स्प्रिंग-पिस्टनची आहे, आणि दुखण्याचे मूळ बहुधा तिथेच आहे. ट्रिगर दाबताच जड पिस्टन पुढे झेपावतो व रायफल मागे सरकते. लगेच तो पिस्टन दाबल्या गेलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि रायफल पुढे हिसका खाते. असा दुहेरी धक्का काडतुसाच्या रायफलीला नसतो, म्हणून केवळ तिच्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीची आतली भिंगे इथे सैल होऊ शकतात. परंतु तोच धक्का दुर्बिणीआधी स्क्रूंना आणि माउंटला (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीला) हलवतो, तेव्हा तपास बाहेरून आत करावा.

रायफल ताणलेली नाही आणि नळीत छर्रा नाही याची खात्री करून, दस्त्याच्या पुढच्या भागातले दोन्ही बाजूंचे आणि ट्रिगर-गार्डचे स्क्रू तपास. ते सैल असले तर दर छर्र्यागणिक रायफल दस्त्यात निराळी बसते. स्क्रू घट्ट करून मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (स्क्रूच्या आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावले की ते पुन्हा लवकर सुटत नाहीत. मग नळी बंद असताना तिचे टोक धरून आडवे हलवून पाहा. सांध्यात किंचितही खेळ जाणवला तर दुर्बीण निर्दोष ठरण्याची शक्यता मोठी आहे, कारण दुर्बीण बसते सिलिंडरवर आणि हलते ती नळी.

आता माउंट. त्याच्या कडेपासून खालच्या रेलवर (सिलिंडरवरच्या, माउंट बसतो त्या पट्टीवर) उतरणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढ, तशीच दुसरी माउंटच्या रिंगेपासून दुर्बिणीच्या नळकांड्यावर, आणि वाळल्यावर वीस-पंचवीस छर्रे मार. रेघ तुटून तिचे दोन तुकडे पुढेमागे झालेले दिसले, तर चोर सापडला. अशा वेळी माउंट काढून रेलवरचे तेल स्पिरिटने पुसावे आणि ज्याच्या खालची पिन रेलच्या मागच्या भोकात अडकते, असा एकसंध माउंट बसवावा. रिंगांचे स्क्रू मात्र आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. जोर लावून आवळल्यास नळकांडे चेपते आणि आतला भाग अडकतो.

इथवर सगळे ठीक निघाले तर दुर्बीण उतरवून रायफलीच्या मूळ साइट्सवर (नेम धरण्याच्या बिनभिंगाच्या खुणांवर) पाच-पाच छर्र्यांचे दोन-तीन गट मार. या परीक्षेवर माझा फार विश्वास आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. साध्या साइटनेही रायफलीची पुरती परीक्षा होते. साइटवरही गट भटकत असतील तर दोष नळीत, छर्र्यात किंवा धरण्यात आहे. छर्रे एकाच डब्यातले वापर. धरण्याकडे विशेष लक्ष दे, कारण छर्रा नळीत असतानाच रायफल मागे सरकू लागते. म्हणून ती उघड्या तळव्यावर, रोज त्याच जागी, सैलसर टेकू दे.

साइटवर गट जमले आणि दुर्बिणीतून भटकले, तरच दुर्बिणीकडे वळ. रायफल पिशवीवर टेकवून, तिला न हलवता फक्त डोळा वरखाली कर; क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीच्या रेघा) निशाणावर सरकताना दिसले तर तो पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलल्याने नेम सरकल्याचा भास आहे. १०० यार्डांसाठी बांधलेल्या ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत डोळा कडेला गेला, तर २० मीटरवर दीड सेंटिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकला, तर ती बरीच कमी होते.

तुझ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की वरचा टरेट जवळजवळ शेवटापर्यंत फिरवल्यावर झीरो मिळाला. मोडत्या नळीच्या रायफलींत नळी अनेकदा किंचित खाली झुकलेली असते, म्हणून दुर्बिणीला इतके वर न्यावे लागते. तिथे दुर्बिणीच्या आतल्या स्प्रिंगचा ताण कमी पडतो आणि क्रॉसहेअर धरणारी तिच्यातली छोटी नळी प्रत्येक हिसक्याला जागा बदलते. यावर उपाय मागच्या बाजूने उंच असलेल्या माउंटचा. तो आणलास की टरेट या टोकापासून त्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरव, निम्म्यावर आण आणि मग नव्याने झीरो कर.

त्यानंतरही शंका उरली तर एकाच बिंदूवर नेम धरून एक गट मार. मग २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली, असा दर टप्प्याला एकेक गट मार. तुझ्या पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) क्लिकने २० मीटरवर छर्रा सुमारे दीड मिलिमीटर सरकतो, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर बाजूचा चौकोन उमटून शेवटचा गट पहिल्यावरच पडायला हवा. तो तसा पडला नाही, तर दुर्बीण बिघडली आहे हे खुशाल मान आणि नवी घेताना ती स्प्रिंग रायफलीसाठी आहे व तिचा पॅरॅलॅक्स १० यार्डांपासून जुळवता येतो, एवढे विचारून घे.

माउंटवरच्या रेघेचे काय झाले ते, आणि मूळ साइटवर मारलेले कागद, दोन्ही पुढच्या पत्रासोबत पाठव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र