दिवे बाबांनी बंदच केले होते

दादा, नमस्कार.

तुमचा नंबर बाबांच्या फोनमध्ये ‘वायरिंग’ एवढ्याच नावाने सेव्ह आहे. त्यामुळे तुमचं नाव मला आजही माहीत नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्हाला धड ‘थँक्यू’ही म्हणता आलं नाही. माझा घसा दाटून आला होता आणि तुम्हाला दुकान उघडायची घाई होती. म्हणून हे पत्र.

गणपतीला गावी जाताना गाणी दणक्यात वाजावीत म्हणून माझ्या भावाने गाडीत ॲम्प्लिफायर आणि डिकीत वूफर बसवून घेतला. गणपती झाले, भाऊ पुण्याला परत गेला आणि इकडे भांडुपला गाडीची बॅटरी उतरायला लागली. रोज उतरली असती तरी बरं. आईची मुलुंडची फिजिओथेरपी चालू असायची त्या आठवड्यात गाडी मुकाट सुरू व्हायची. दोन-तीन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक्‌-टक्‌.

ॲम्प जिथे बसवला त्याच चकचकीत दुकानात गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून मीटर लावला, १४.२ व्होल्ट. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत, म्हणजे बॅटरी गेली. नवीन घाला. घातली. दीड महिन्यात तीही झोपली. तेव्हा काउंटरवरचा मुलगा, बाबा शेजारी उभे असताना, त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, “मॅडम, आजोबा लाइट चालू ठेवत असतील. वय झालं की होतं असं.”

३१ वर्षं बेस्टची बस चालवलेल्या माणसाबद्दल हे बोलणं. आणि खरं सांगते दादा, मीही मान डोलावली. गाडीत बसताना रोज विचारायला लागले, “बाबा, दिवे बघितलेत ना?” आधी ते चिडायचे. मग चिडायचे बंद झाले, ते जास्त वाईट होतं. त्यांनी डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली, डेपोच्या वहीत लिहायचे त्याच टपोऱ्या अक्षरात: ‘दिवे. आतला दिवा. दार.’ रात्री साडेअकराला लिफ्टने खाली जाऊन गाडीला एक फेरी मारून यायचे. एकदा आईला म्हणाले, “मला खरंच विसरायला होतंय का गं?”

तुमच्याकडे ते कंटाळून आले, ओळखीच्या रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात: “गाडीत मध्यंतरी नवीन काय बसवलं?” तोवर हे आम्हाला कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं. ज्यांनी बसवलं त्यांनी तर नाहीच नाही. मग म्हणालात, आज रात्री गाडीला हात लावू नका, सकाळी दुकानाआधी येऊन जातो.

पावणेसातला आलात. बोनेटलाही हात लावला नाहीत. बाजूच्या सीटखालची मॅट ओढलीत, आत हात घातलात, आणि मग तो हात पँटला पुसून बाबांचं मनगट धरलंत. त्यांचा तळवा ॲम्पवर टेकवलात. “बाबा, बघा. गरम लागतंय? गाडी रात्रभर बंद आहे, मग हा कशाने तापला? तुम्ही गाडी नीट बंद केली होती. हाच जागा होता.”

आम्ही तुम्हाला त्या ‘आजोबा-लाइट’बद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. तुम्ही ती चिठ्ठी वाचली असणार. बाबांनी हात पटकन काढला नाही, ठेवून दिला तसाच.

पुढचं काम तुमच्या दृष्टीने किरकोळच असेल. दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटावं म्हणून त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबलंत, निगेटिव्हची वायर काढून मधे मीटर लावलात आणि गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स शांत होईपर्यंत वीस मिनिटं थांबलात. त्या वीस मिनिटांत आईने केलेला चहा तुम्ही दोनदा घेतलात, तेही तिला आवडलं. बंद गाडीतही बॅटरीतून जाणारा करंट मीटरवर ०.९३ अँपिअर. एरवी ०.०५ च्या आत हवा, म्हणालात. ॲम्पचा फ्यूज उपसलात, काटकन ०.०३. बाबांनी तिथेच तोंडी हिशेब मांडला: ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, ताशी जवळजवळ एक, म्हणजे दीड दिवसात गाडी आडवी. इतक्या दिवसांनी त्यांचा तो डेपोतला आवाज ऐकला.

स्टिरिओ बंद झाला की ॲम्पला झोपवणारी निळी वायर त्या दुकानाने टेप गुंडाळून मागे कोंबली होती, आणि ॲम्पची चालू-बंदचा इशारा घेणारी रिमोट वायर जोडली होती चोवीस तास करंट असलेल्या पिवळ्या वायरला. पाच मिनिटांची कटकट वाचवली त्यांनी. तिच्यापायी पहिली बॅटरी पुन्हा पुन्हा पार उतरून खरोखरच निकामी झाली, आणि ती आम्हाला त्यांच्याकडूनच नवी घ्यावी लागली. वा!

तुम्ही चारशे रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट दिली तर सुटे शोधायला खिसे उलटेपालटे केलेत.

या शहरात कोणाला वेळ नसतो असं आपण सारखं म्हणतो. दुकानाआधी येऊन एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरायला तुम्हाला वेळ मिळाला. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही. तुमच्या घरच्यांकडून आलं असेल, त्यांनाही नमस्कार सांगा.

एक कळवायचं राहिलं. मागच्या आठवड्यात आई-बाबा नऊ दिवस गावी होते, गाडी इथेच उभी. परत आल्यावर बाबा बॅग वर न नेता आधी पार्किंगमध्ये गेले. मी ऑफिसात होते. फोन वाजला, उचलला, बाबा काहीच बोलेनात. मग इंजिनचा आवाज आला. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला होता, मला ऐकू यावं म्हणून.

चिठ्ठी त्यांनी काढून टाकली आहे. डिंकाचा डाग तेवढा निघत नाहीये, त्याला काय लावायचं ते सांगा.

आपली,
पांढऱ्या वॅगनआरवाल्या बाबांची मुलगी